झाकलेली रेती

मी कडावला पोचले तेव्हा म्हशीचं पारडू रेतीच्या ढिगाला तोंड लावून उभं होतं. ढिगावर कुणी पेंड सांडली असेल असं आधी वाटलं. मग दिसलं की ते ताडपत्रीची कड नाकाने वर सारत होतं आणि लांब जीभ काढून रेतीच चाटत होतं.

"ए, सर तिकडं!" माझी भावजय भाविका पत्र्याच्या शेडमधून धावत आली. कडेवर दोन वर्षांची पोर. "याला कितीदा बांधला, ताई. दावं सोडवून इथंच येतो. आई बोलतात पोटात जंत झालेत."

शनिवार होता. दुपारचे अडीच. होळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी खोपोलीहून पेढ्यांचा खोका घेऊन आले होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माहेरच्या नव्या घराचा स्लॅब पडायचा होता. जुनं घर दिवाळीनंतर पाडलं. तेव्हापासून आई, बाबा, भाऊ जितेश, भाविका आणि त्यांची पोर असे पाच जण गोठ्याशेजारच्या शेडमध्ये राहत होते. समोर नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या, त्यांच्यावर फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर सळ्यांची जाळी बांधून तयार. आता फक्त वरून काँक्रीट ओतायचं होतं.

मी ताडपत्री उचलून मूठभर रेती घेतली. पाच महिन्यांत पाऊस नव्हता. ताडपत्रीवर दिवसभर ऊन होतं. तरी रेती ओलसर होती. मूठ दाबून उघडली तर गोळा तसाच राहिला, बोटांचे ठसे उमटून.

प्रयोगशाळेत काहीही जिभेला लावायचं नसतं, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. मी चार दाणे जिभेवर ठेवले. खारट. मिठानेच ती ओल धरून ठेवली होती.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात पाणी तपासते. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात मीठ किती आहे, ते रोज मोजायचं. मीठ वाढलं की पोलादाच्या नळ्या आतून खायला लागतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. काँक्रीटमधल्या सळीचंही तसंच असतं. फरक एवढाच की नळी बदलता येते.

"आलीस व्हय?" बाबा शिडीवरून खाली येत होते. चौसष्टाव्या वर्षी ते शिडीचा दांडा न धरता उतरत होते आणि मी ते बघावं अशी त्यांची इच्छा होती. मागे शेजारचे गजाकाका, दांडा दोन्ही हातांनी धरून.

"बाबा, ही रेती खाडीची ना?"

"मंग? तुझ्या मामानं पेनवरनं पाठवलेली. आज गावात कोनाकडं हाय अशी? सगळे दगडाची भुकटी घालतात. क्रश सँड." तो शब्द त्यांनी घशातून काहीतरी अडकलेलं बाहेर काढावं तसा उच्चारला. "बघ दाना कसा गोल हाय."

"आणून दोन वर्षं झाली ना?"

"दोन पावसाळे."

"पावसात उघडी होती?"

बाबा दुखावल्यासारखे थांबले. "उघडी? पोरी, एक थेंब लागू दिला नाय. खळ्यावर टाकली, उंच जागा. भवताली मातीचा बांध घातला. वर दुहेरी ताडपत्री, वर दगड. पेंडा झाकतो तशी झाकली."

"पोपटदादानं रेतीला जेवढं जपलं ना," गजाकाका म्हणाले, "तेवढं वयनीला पन जपलं नाय."

आई शेडच्या दारात मिरच्या निवडत होती. ती हसली नाही. माझ्या मुठीकडे बघत होती.

बोलण्याआधी आकडा हवा होता. आईकडून तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या आणि ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून अशी तीन ठिकाणची रेती भरली. पेनाने एक, दोन, तीन लिहिलं.

"आता ही कुठं नेतेस?" जितेशने विचारलं. तो मंडपवाल्याशी फोनवर बोलता बोलता आला होता.

"लॅबमध्ये. सातपर्यंत परत येते."

"ताई, उद्या स्लॅब हाय."

"म्हणूनच."

"पेढे तेवढे ठेवून जा," तो म्हणाला आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

कडाव ते कर्जत, मग पळसदरीवरून खोपोली. स्कूटरवर पाऊण तास लागला. वाटेत मी फक्त हिशेब करत होते. इथे पाऊस चार महिने कोसळतो. एवढ्या पाण्याखाली ढीग उघडा राहिला असता, तर एकाच पावसाळ्यात मीठ धुऊन गेलं असतं. रेती कुठेही जाणार नव्हती. दाणे जड असतात, खळ्याला बांध होताच. वाहून जाण्यासारखं तिच्यात एकच होतं, आणि बाबांनी ते दोन पावसाळे राखून ठेवलं होतं. शेतकऱ्याने भात झाकावं, पेंढा झाकावा. रेतीला भिजवायचं असतं, हे आमच्याकडे कुणाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आम्ही खाडीपासून लांबची माणसं.

लॅबमध्ये दुसऱ्या पाळीचा एकटा माणूस होता. मी प्रत्येक नमुन्यातली पन्नास ग्रॅम रेती तोलली, ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळली, गाळली. सूचक घातल्यावर पाणी पिवळं होतं. मग आकडे कोरलेल्या काचेच्या नळीतून, ब्युरेटमधून, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. जोवर मीठ शिल्लक आहे तोवर पांढरा गढूळपणा येतो. मीठ संपलं की पुढच्या थेंबाला रंग विटकरी होतो. किती थेंबांनी तो रंग आला, त्यावरून मीठ कळतं.

मला रंग लवकर यायला हवा होता. तो येईना. पहिल्या नमुन्याला मी दोनदा खाली वाकून ब्युरेटवरचा आकडा वाचला. तळातल्या नमुन्याला ब्युरेट दुसऱ्यांदा भरावी लागली. शंका नको म्हणून नुसतं ऊर्ध्वपातित पाणी तपासलं, सिल्व्हर नायट्रेटची ताकद तपासली आणि तिन्ही नमुने पहिल्यापासून पुन्हा केले. आकडे जुळले.

लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे सहाशे ग्रॅम क्लोराइड, म्हणजे मिठातला सळी खाणारा भाग, ही वरची हद्द. आमच्या स्लॅबमध्ये एकट्या रेतीतून किलोच्या वर जाणार होतं.

खालापूरकडे एका क्रशरवर हरेश नावाचा माझा वर्गमित्र व्यवस्थापक आहे. त्याला फोन केला. तीन ब्रास धुतलेली क्रश सँड, सकाळी सातच्या आत, कडावला.

"साडेपाचला भरणी चालू होते. गाडी मिळेल," तो म्हणाला. "पण घरमालकाचा फोन पाहिजे."

"मी सांगतेय ना."

"हर्षला, मागे एका लेकीनं अशीच गाडी मागवली. बापानं रस्त्यातनं परत पाठवली. भरलेली गाडी मी कुठं ओतू? बाबांना एक फोन करायला लाव. नुसतं हो म्हणू दे."

परत आले तेव्हा सात वाजून गेले होते. शेडपुढे बल्ब लावला होता. बाबा, जितेश आणि गजाकाका जेवायला बसले होते, आणि कंत्राटदार मनोज खुर्चीवर पाय पसरून चहा पीत होता. तो नुकताच फळ्यांचे टेकू ठोकून बघून आला होता. आई चुलीशी. दुसऱ्या दिवशीच्या पन्नास माणसांच्या जेवणाचा मसाला भाजल्याचा वास सगळीकडे होता.

मी कागद बाबांच्या ताटाशेजारी ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. रेतीत मीठ आहे. हद्दीच्या जवळपास दुप्पट. भिंतींत लोखंड नाही, त्यांचं एवढं बिघडणार नाही. पण या रेतीत स्लॅब टाकला तर सळी आतून गंजेल.

बाबांनी कागदाकडे बघितलं, हात लावला नाही. "दुप्पट म्हंजे?"

"किलोच्या वर. सहाशे ग्रॅम चालतं."

"एवढ्या मोठ्या स्लॅबात किलोभर मीठ?" गजाकाका म्हणाले. "आमच्या घरात त्याहून जास्त खातात."

"किलो एका घनमीटरमागे, काका. आपल्या स्लॅबात पंधरा घनमीटर आहे."

"मॅडम," मनोज म्हणाला, "खाडीच्या रेतीत मी वीस स्लॅब टाकलेत. एक पडला नाय."

"पहिला कधी टाकलात?"

"झाली असतील पाच वर्सं."

"पाच वर्षांत दिसत नाही. आठ-दहा वर्षांनी खालचं प्लास्टर फुगतं, मग सुटायला लागतं. गंजलेली सळी जास्त जागा घेते, ती काँक्रीट फोडते. तेव्हा वरून काही करता येत नाही. आणि त्या वीस घरांची रेती अशी झाकलेली होती?"

मनोजने कप खाली ठेवला. "तशी आलेली थेट नाय घेत आमी. पाऊस लागलेलीच घेतो. नायतर धुऊन."

"मग ही?"

"आता ताई... मालकाचा माल. दोन वर्सं इथं पडलेला. मला वाटलं पाऊस लागलाच असंल. मालकाला कोन विचारनार?"

बाबांनी घास ताटात परत ठेवला.

"थांब," जितेश म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता. "तुला हे आज दिसलं? रेती दोन वर्सं इथं हाय, ताई. तू दर म्हयन्याला येतेस. उद्या सकाळी तीस मानसांची गँग येते, पावनं येतात, आणि तू आदल्या दिवशी पिशवी घेऊन लॅबला जातेस."

ते खरं होतं. दोन वर्षांत मी पंचवीस वेळा तरी त्या ढिगाशेजारी स्कूटर लावली असेल. ताडपत्री कधी उचलली नव्हती. रेती खाडीची आहे हे मला माहीत होतं, आणि पाऊस लागला असेल असं मी धरून चालले होते. मनोजसारखंच.

"चूक झाली माझी," मी म्हणाले. "आधी बघायला हवं होतं. पण अजून ओतलेली नाहीये. उद्या सात वाजेपर्यंत वेळ आहे. खालापूरहून क्रश सँड येऊ शकते. बाबा, फक्त तुमचा फोन हवा."

"भुकटी," बाबा म्हणाले.

"धुतलेली असते."

"दोन वर्सं गावाला सांगतोय मी. पोपटच्या घरात भुकटी जानार नाय. उद्या त्यांच्याच समोर भुकटी ओतू?" आवाज चढला नव्हता, पण चुलीशी आईचा हात थांबला. "आनि तुझा मामा उद्या येनार. त्याला काय सांगू? तुझी रेती माझ्या पोरीनं चाटून बघितली? ह्याच धंद्यात जन्म गेला त्याचा. खारट असती तर तो बोलला नसता?"

मला वाटलं, इथे मी हरले. मामाने रेती पाठवली, आणि मामाला रेती कळते.

"बोलला होता," आई म्हणाली.

ती चुलीकडेच तोंड करून होती. कढईतलं खोबरं हलवत.

"काय बोलला होता?" जितेशने विचारलं.

"फोन केलेला दादानं. रेती पोचली त्याच दिवशी. बोलला, एक पाऊस अंगावरनं जाऊ दे तिच्या, मंग वापरा. झाकू नका. आमच्याकडं खाडीचं पानी शेतात शिरलं तरी जमीन दोन पावसाळे उघडीच ठेवतात." तिने कढई खाली उतरवली. "मी सांगितलं यांना."

बाबा ताटाकडे बघत होते.

"मंग?" गजाकाकांनी विचारलं. या वेळी त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

"हे बोलले, तुझा भाऊ धंदा करतो. उघडी ठेवली की वाहून जानार, मंग परत त्याच्याकडूनच घ्यायला लागंल." आईने पदराने हात पुसले. "मी गप बसले. दुसऱ्यांदा बोलायला पायजे होतं."

भाविका पोरीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. ती आईकडे, मग बाबांकडे, मग वर पत्र्याकडे बघत राहिली. त्या पत्र्याखालून ती पावसाळ्याआधी ज्या छपराखाली जाणार होती, त्याबद्दल हे बोलणं चाललं होतं.

बाबांनी ताटात हात धुतला. अर्धं जेवण तसंच होतं. ते उठले.

"उद्या सातला मिक्सर लागंल," ते मनोजला म्हणाले. "माल कुठला भरायचा ते मी सांगीन."

"बाबा, हरेशला आत्ता फोन—"

"मी सांगीन बोललो ना."

ते बाहेर खाटेवर जाऊन आडवे झाले. मी हरेशचा नंबर त्यांच्या फोनवर पाठवला. मग एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात तोच नंबर, हरेशचं आणि क्रशरचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी त्यांच्या चपलेखाली ठेवली. त्यांनी डोळे मिटलेले होते. झोपलेले नव्हते.

सकाळी साडेपाचला मी बाहेर आले तेव्हा खाट रिकामी होती. मोटरसायकल नव्हती. बाबांचा फोन शेडमध्ये चार्जिंगला लावलेला होता. मी उघडून पाहिला. माझा निरोप न वाचता तसाच पडलेला. हरेशला एकही फोन गेलेला नव्हता. चिठ्ठी कुठे दिसली नाही, पण वाऱ्याने ती कुठेही गेली असती.

"कुठे गेले?"

"चारपासून जागे होते," आई म्हणाली. "चहा पन नाय घेतला. सांगितलं नाय काय."

"कळंबला गेलं असतील, आत्याला आनायला," जितेश म्हणाला. पण आत्याचा साडेसहाला फोन आला की ती रिक्षाने निघाली आहे, आणि बाबा तिच्याकडे गेलेले नव्हते. मी हरेशला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. क्रशरवर यंत्र चालू असेल तर त्याला ऐकू येत नाही. नाहीतर तो अजून घरी झोपलेला असेल.

गँगचा टेंपो पावणेसातला आला. तीस माणसं, त्यात बारा बायका, डोक्याला टॉवेल बांधलेल्या, घमेली एकात एक रचून आणलेली. मिक्सर ओढून ढिगाशेजारी लावला गेला. माल वर चढवायची लिफ्ट उभी राहिली. मनोजने सिमेंटच्या पोत्यांची तोंडं कापायला सांगितली. शेजारपाजारचे लोक यायला लागले होते. आमच्याकडे स्लॅबला बोलवावं लागत नाही. आत्या आली, तिने नारळ आणि हळदकुंकवाचं ताट मिक्सरशेजारी खुर्चीवर ठेवलं.

सात वाजले. सव्वासात.

"काय करायचं?" मनोजने जितेशला विचारलं. "ऊन वर आलं की माल लवकर आवळतो. मधे थांबता येत नाय. एकदा चालू केलं की संपवायलाच लागतं."

जितेश रस्त्याकडे बघत होता. त्याचे डोळे लाल होते. तोही झोपला नव्हता. "बाबा बोललेत ना, सातला मिक्सर."

"माल कुठला ते बोलले नाय."

"दुसरा माल हाय कुठं इथं?" जितेश म्हणाला. "भरा."

दोघांनी ताडपत्री ओढून बाजूला टाकली. ढीग उन्हात चमकला. बायकांची रांग लागली. पहिलीने घमेलं खाली ठेवलं आणि फावडेवाला वाकला.

मी ढिगावर जाऊन बसले.

ठरवून केलं नव्हतं. मला भांडता येत नाही. आवाज चढवला की माझे शब्द चुकतात. बसता येत होतं, तेवढं केलं. फावडेवाला फावडं उचललेल्या अवस्थेत थांबला.

"ताई, उठा की," पहिली बाई म्हणाली. "आमाला दुपारी घरी जायाचं हाय."

"पोपटदादाच्या लेकीनं उपोषन मांडलं," कुणीतरी मागून म्हणालं. दोन-तीन जण हसले.

जितेश जवळ आला, खाली वाकला. "ऊठ, ताई. लोक बघतायत."

"बघू दे."

"तू संध्याकाळी खोपोलीला जाशील. इथं आमी राहनार."

"म्हणून तर बसलेय."

"आज नाय टाकला तर ही गँग म्हयनाभर मिळनार नाय. मंग पावसाळा. पोरीला घेऊन अख्खा पावसाळा त्या पत्र्यात काढू?"

याला माझ्याकडे आकडा नव्हता. एक पावसाळा पत्र्याखाली काढणं आणि दहा वर्षांनी झोपलेल्या माणसांवर छताचा तुकडा पडणं, ह्यांची तुलना कागदावर करता येते. पोर आजारी पडली तर त्या कागदाकडे कुणी बघत नाही. मी त्याला म्हणाले, "दहा मिनिटं. बाबा येईपर्यंत."

"आनि आलेच नाय तर?"

त्याने माझा दंड धरला. जोराने नाही, पण धरला. तेवढ्यात भाविका गर्दीतून पुढे आली. मला वाटलं तीही मला उठवणार. ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबांना येऊ दे," ती म्हणाली.

"तू मधे—"

"बाबांना येऊ दे बोलले ना मी. त्या खोलीत मी झोपनार हाय. ही झोपनार हाय." तिने कडेवरच्या पोरीला वर सरकवलं. "दहा मिन्टं काय जड हायत तुला?"

जितेशने माझा दंड सोडला. मनोज घड्याळ बघत होता. बायकांनी घमेली उलटी घातली आणि त्यांच्यावर बसल्या. कुणीही हसत नव्हतं. माझ्या साडीखाली रेतीचा ओलावा लागत होता आणि मी मिनिटं मोजत होते. चार. पाच. सात.

रस्त्याच्या वळणावर मोठी गाडी मागे घेताना वाजतो तसा भोंगा वाजायला लागला.

डंपर उलटा येत होता, कारण आमच्या गल्लीत त्याला वळता येत नाही. चालकाशेजारी, खिडकीतून अर्धे बाहेर आलेले, बाबा होते. "येऊ दे, येऊ दे... डावीकडं... अरे खांब हाय!" सगळी गर्दी बाजूला झाली. त्यांनी डंपर मिक्सरच्या दुसऱ्या बाजूला लावून घेतला, आणि मागची पेटी वर होऊन करडा, खरखरीत माल धडधडत खाली आला. धूळ फारशी उडाली नाही. धुतलेला होता.

बाबा उतरले. कपडे धुळीने माखलेले, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मोटरसायकल क्रशरवरच ठेवून आले होते. मी ढिगावर बसलेली त्यांना दिसले, जितेश दिसला, घमेल्यांवर बसलेल्या बायका दिसल्या.

"फोन केला असता तर चाललं असतं," मी उठत म्हणाले.

"फोनवर दाना दिसतो काय?" ते म्हणाले. "तुझा तो हरेश पयला ढीग भरायला लागला. मी बोललो, हा नको. चोळून बघितला, हाताला पीठ लागलं. दुसरा बघितला. त्यात खडा मोठा. तिसरा घेतला." त्यांनी तळहात पुढे केला. चोळून चोळून लाल झाला होता. "एवढं वाईट नाय. काम करंल."

मनोज नव्या ढिगाजवळ आला. "पोपटशेट, याच्यानं माल कालवायला जरा जड होतो. आपलं ठरलं होतं रेतीचं—"

"कालपर्यंत तू मालकाला काय विचारलं नव्हतंस," बाबा म्हणाले. "आता पन विचारू नको. भर."

गजाकाका मोठ्याने हसले आणि त्यांच्यामागे सगळेच. बाबा हसले नाहीत. ते आईकडे वळले. ती शेडच्या दारात उभी होती.

"तुझा भाऊ निघाला काय?"

"नऊपर्यंत येतो."

"त्याला जेवल्याबगर जाऊ देऊ नको," ते म्हणाले. एवढंच. आईने मान हलवली आणि आत गेली.

बायका उठल्या. रांग नव्या ढिगाकडे सरकली. खडी पडली, सिमेंट पडलं, करडी रेती पडली. मनोजचा माणूस पिंपातून पाण्याची बादली भरायला वाकला.

"थांब," बाबा म्हणाले.

सगळे थांबले. बाबांनी त्या पिंपाकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. "हे पानी तपासलंस काय?"

मी तपासलं नव्हतं. काल एवढ्या घाईत मला रेतीशिवाय दुसरं काही सुचलंच नव्हतं. तीन नमुने, दोन फेऱ्या, आणि जे पाणी त्या काँक्रीटमध्ये जाणार होतं त्याचा एक थेंबही मी नेला नव्हता. तीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "नाही तपासलं."

"मंग?"

"कुठलं आहे?"

"आपल्या विहिरीचं," मनोज म्हणाला. "काल संध्याकाळी भरून ठेवलंय."

"आपण पितो ती विहीर?"

"दुसरी कुठली हाय?" बाबा म्हणाले.

"मग चालेल. जे पाणी प्यायला चालतं, ते काँक्रीटला चालतं. तसा नियमच आहे."

"लिहिलेला?"

"लिहिलेला."

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं, मी ब्युरेटवरचा आकडा दुसऱ्यांदा वाचते तसं. मग त्यांनी खुर्चीवरचा नारळ उचलला, मिक्सरच्या लोखंडी चाकावर एका फटक्यात फोडला आणि मनोजला म्हणाले, "फिरव."